कपाळावरची खूण

हनोख मास्तरांचा उल्लेख मी अहोजाहोनं करणार आहे, तो केवळ सवयीमुळे. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, कुणाचंही नाव एकेरी घेताना जीभ अडखळते. मनातल्या मनात मात्र या माणसाला मी इतकं अरेतुरे केलेलं आहे की वर गेल्यावर त्याचा जाब द्यावा लागेल. देईन. मला त्यांची किळस यायची आणि अजूनही येते. एखाद्या माणसाचा राग येणं वेगळं, तो निवतो. किळस निवत नाही.

लढाईचा काळ होता. जामखेडच्या बाजूला, मुरमाड माळावरच्या एका गावात मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती, तिथे मी शिकवत होते. एकच मोठी खोली. आठवडाभर तिथे पाढे आणि रविवारी उपासना. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती, सगळी मोलमजुरी करणारी. विहीर आणि बागाईत असलेलं घर एकच, मंडळीचे पंच याकोबराव यांचं. आमचे जुने उपदेशक म्हातारपणानं वारले आणि त्यांच्या जागी मिशननं हनोख मास्तरांना पाठवलं. उपदेशकालाही आमच्याकडे मास्तरच म्हणायचे.

अंगानं भरलेले, गोरटेले, रखरखत्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. बायको मुलांच्या शिक्षणासाठी नगरला, हे इथे एकटे. पवित्र शास्त्राची पानं उलटताना ते अंगठा जिभेला लावत, आणि त्याच अंगठ्यानं दोन क्षणांपूर्वी तपकीर ओढलेली असे. त्यांच्या शास्त्राच्या पानांचे खालचे कोपरे त्यामुळे मळलेले होते, पण सगळे नव्हेत. येशूचं आयुष्य सांगणाऱ्या शुभवर्तमानांची पानं कोरी करकरीत होती. मळ सगळा शेवटी, जगाच्या अंताचं भाकीत सांगणाऱ्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात साठलेला. आजारी बरे झाले, भुकेल्यांना भाकरी मिळाली, या भागात त्यांचं मन रमत नसे. त्यांना आग लागत असे, गंधक लागत असे, रक्तानं भरलेली नदी लागत असे.

आवाज मात्र देवानं दिलेला होता. खोटं कशाला बोलू? पहिल्या रविवारी ते उभे राहून नुसते वाचू लागले तर मागे रडणारी पोरं गप्प झाली. त्याच उपासनेच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं, “येत्या बुधवारपासून प्रकटीकरणाचा वर्ग सुरू होईल. ऊन कललं की सगळ्यांनी यायचं. शेवट जवळ आलेला आहे आणि तुम्हाला त्याची इयत्ता पहिलीसुद्धा ठाऊक नाही.”

लोक खूश झाले. आमच्या मंडळीत आजवर कुणी त्या पुस्तकाला हात लावला नव्हता. जुने उपदेशक म्हणायचे, ते पुस्तक अवघड आहे, आपल्याला येशूचं डोंगरावरचं प्रवचन पाळता आलं तरी पुष्कळ झालं. पण बाहेर लढाई चाललेली, रॉकेल मिळेना, ज्वारी मिळेना, कुणाकुणाची पोरं पलटणीत गेलेली. हे सगळं का चाललंय ते कुणीतरी सांगणार म्हटल्यावर माणसं येणारच. मीसुद्धा उत्साहानं बसले होते.

पहिल्या बुधवारी ते आले ते थेट माझ्या टेबलाकडे. “बाई, रंगीत खडू काढा.” नकाशे रंगवायला मी जपून ठेवलेले खडू होते. लढाईत तसे खडू मिळत नव्हते. मास्तरांनी ते फळ्यावर असे घासले की तासाभरात लालचा तुकडाही उरला नाही. समुद्रातून निघालेलं सात डोक्यांचं आणि दहा शिंगांचं श्वापद त्यांनी काढलं, आणि खरं सांगायचं तर छान काढलं. पोरंटोरं दारातून डोकावू लागली.

वर्गाची पद्धत अशी, की ज्याला वाचता येतं त्यानं एक ओवी वाचायची, मग मास्तर विचारणार, “ह्याचा अर्थ?” आणि कुणी काही बोलायचं नाही. बोलायचं नाही हे लाजर तात्यांना ठाऊक नव्हतं. लाजर तात्या म्हणजे आमच्यातले वयानं मोठे, याकोबरावांच्या मोटेवर राबणारे, अतिशय सरळ माणूस. जनावरांत आयुष्य गेलेलं. ते बराच वेळ फळ्याकडे बघत होते, मग हात जोडून म्हणाले, “मास्तर, डोस्की सात आन शिंगं धा. मंग तीन डोस्क्यांना दोन-दोन आन बाकीच्यांना येकयेकच? येका शिंगाचं जनावर मान कशी पेलत आसंल?”

सगळी खोली हसली. मीही हसले, कारण प्रश्न चोख होता. मास्तरांनी हसू पूर्ण विरेपर्यंत वाट पाहिली. मग तात्यांना म्हणाले, “उभे राहा. दाराबाहेर जाऊन उभे राहा. थट्टा करणारे बाहेरच राहणार आहेत, आत्तापासून सवय करा.” आणि साठीचा तो माणूस खरोखर उठून, पागोटं सावरत, उन्हात जाऊन उभा राहिला. वर्ग संपेपर्यंत त्यानं आत बोलावण्याची वाट पाहिली. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. मला त्या दिवशी कळलं की या माणसाला शिकवायचं नाही, याला नुसतं घाबरलेल्या तोंडांकडे बघत बसायचं आहे. घाबरलेल्या मुलांकडे बघून खूश होणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर एक चिकट समाधान असतं. तेच इथे होतं.

वर्गानंतर पाळीपाळीनं एकेका घरी मास्तरांचं जेवण. दोन वेळची मारामार असलेल्या घरात त्या दिवशी कोंबडी कापली जायची. मास्तर ताटावर इतकी लांब प्रार्थना करत की रस्सा गार व्हायचा, त्यावर तवंग धरायचा, आणि पोरं एक डोळा उघडून ताटाकडे बघायची. मग ते जेवत. हाड चोखल्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा. ताटाच्या कडेला हाडांची नीट रास लावायची, शेवटी बोटं चाटून म्हणायचं, “दुष्काळाचे दिवस येणार आहेत, लिहिलेलं आहे.” ज्या घरात त्यांच्यामुळे उद्याचा दुष्काळ ठरलेला होता त्या घरात बसून हे बोलायचं.

“लिहिलेलं आहे” हे त्यांचं पालुपद. त्याचा पुढचा भाग असा, “मी लिहिलेलं नाही.” कुणाला काही लागेल असं बोलून झालं की दोन्ही तळवे वर करून हे म्हणत. श्वापद म्हणजे हिटलर, हे त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. पुढे जपानी लोक ब्रह्मदेशात आले तेव्हा श्वापद पूर्वेला सरकलं. मग रेशनचं कार्ड आलं आणि काही दिवस ते कार्डच श्वापदाचं झालं. पण कार्डाशिवाय साखर मिळेना आणि मास्तरांना चहा गोड लागे, तेव्हा कार्ड निर्दोष सुटलं. आधीचं चुकलं होतं का, असं विचारायची सोय नव्हती. बाहेर ऊन फार होतं.

या वर्गात सगळ्यात पुढे बसायची सगुणाई. बाप्तिस्म्याचं नाव सारा, पण त्या नावानं हाक मारली तर तिचं तिलाच कळत नसे. विधवा, एकटी, शाळा झाडायची आणि विहिरीवरून पाणी आणून माठ भरायची. वाचता येत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा दानीएल पाच-सहा वर्षांचा असताना पटकीनं गेला होता. तिनं बाप्तिस्मा घेतला तो त्या पोराच्या मागून. पोराचा झाला होता, आणि तो जिथे गेला तिथे आपल्याला जायचंय, एवढंच तिचं धर्मशास्त्र. ती मला नेहमी म्हणायची, “बाई, मला बाकीचं काय कळत न्हाई. माझा दान्या वर हाय. मला त्याच्यापशी जायाचं, मंग देव काय म्हनंल ते करीन.” प्रकटीकरणाच्या वर्गाला ती यायची तीही यासाठीच. शेवट म्हणजे तिच्या दृष्टीनं पोराची भेट. सगळे घाबरून बसायचे आणि ही सणाला आल्यासारखी बसायची.

मला वाटतं, मास्तरांना तेच सहन झालं नाही.

खुणेचा अध्याय आला त्या बुधवारी खोली भरलेली होती. श्वापद आपल्या माणसांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करील, आणि ज्यांच्यावर ती खूण असेल ते अग्नीच्या सरोवरात जातील, असं तिथे आहे. मास्तरांनी ते संथपणे वाचलं. शास्त्र मिटलं. चिमूटभर तपकीर ओढली. मग हातातला खडू समोर धरून ते सगुणाईकडे बघत राहिले.

सगुणाईच्या दोन भुवयांच्या मध्ये गोंदणाचा हिरवा ठिपका होता, त्याखाली चंद्रकोर. उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला. त्यात नवल काय? आमच्या आधीच्या पिढीच्या कुठल्या बाईला गोंदण नव्हतं? सुगी झाली की गोंदारीण यायची, आया पोरींना मांडीवर दाबून धरायच्या, पोरी किंचाळायच्या, झालं. माझ्या आईच्या कपाळावरही असाच ठिपका होता. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले म्हणून सुटले. गोंदण म्हणजे गरिबाच्या लेकीचा न चोरता येणारा दागिना, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

“पदर मागे घ्या,” मास्तर म्हणाले. तिनं घेतला. तिला वाटलं काहीतरी कौतुक होणार.

“हे काय आहे कपाळावर?”

“गोंदान हाय मास्तर. ल्हानपनी आयनं गोंदावलं.”

“आणि हातावर?”

“इच्चू.”

“विंचू!” मास्तर खोलीला म्हणाले. “कपाळावर खूण आणि उजव्या हातावर विंचू. मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा. लिहिलेलं आहे, मी लिहिलेलं नाही.”

मी जागेवरून उठले. म्हणाले, “मास्तर, ही खूण हिच्या आईनं केलेली आहे, श्वापदानं नव्हे. असं बोलू नका.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, तुम्ही चौथीचं गणित शिकवा.” मग मी याकोबरावांच्या बायकोकडे, रिबकाबाईंकडे बोट दाखवलं. त्यांच्या हनुवटीवर तीन आणि कपाळावर एक असे ठसठशीत ठिपके होते. “मग यांचं काय?” मास्तरांचं दर रविवारचं जेवण त्या घरचं होतं. “ते अजाणतेपणी झालेलं आहे,” ते म्हणाले. “शिवाय रिबकाबाईंनी उपासनेसाठी घंटा दिली.” रिबकाबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि खाली बघितलं. त्यांनाही लाज वाटली असावी. मास्तरांना वाटली नाही.

सगुणाई तशीच, पदर मागे घेतलेली, बसून राहिली. तिनं विचारलं, “मंग मास्तर, मी दान्यापशी न्हाई जानार व्हय?”

त्या वेळी कुठलाही माणूस, अगदी कुठलाही, काहीतरी दिलाशाचं बोलला असता. मास्तर म्हणाले, “खूण असलेला तिकडे जात नाही.”

पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घ्यायचा विधी. आमच्याकडे ताटलीत भाकरीचे बारीक तुकडे करून ते ओळीनं फिरवतात. मास्तरांनी ताटली सगुणाईच्या समोरून नेली आणि तिचा हात पुढे झालेला असताना तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिली. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मी माझा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो परत माझ्या हातात दिला. “नगं बाई. चोरून खाल्ल्यावानी हुईल.”

उपासना संपल्यावर मी मास्तरांना गाठलं. फार बोलले मी, सगळं आठवत नाही. एक आठवतं. मी विचारलं, “तुमच्या आईला होतं का गोंदण?” मला वाटलं, आता तरी हा माणूस गडबडेल. ते डबी उघडत शांतपणे म्हणाले, “होतं. ती बाप्तिस्म्याआधी वारली. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे.” आणि तपकीर ओढून शिंकले. त्यांना मी ढोंगी समजत होते. ढोंगी परवडला असता. ज्यानं स्वतःच्या आईला आगीत बसवून वर चिमूटभर तपकीर ओढली, त्याच्याशी वाद काय घालणार? घरी येऊन मी हात धुतले, त्यांना शिवले नव्हते तरी.

दोन दिवस शाळा झाडली गेली नाही. तिसऱ्या दिवशी मी सगुणाईच्या खोपटात गेले. आत करपलेला वास होता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून मिटलेले, कपाळ फुगून त्यावर पाणी धरलेले मोठाले फोड, उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. चुलीजवळ दाभण आणि बिब्बे पडले होते. बिब्बा दिव्यावर धरून, दाभणानं टोचून, त्याचं तेल तिनं ठिपक्यावर, चंद्रकोरीवर आणि विंचवावर भरलं होतं. बिब्बा अंगावर उतला की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. ज्यानं पाहिलेलं नाही त्याला मी सांगणार नाही.

“बाई,” माझा आवाज ओळखून ती म्हणाली, “गेलं का वो? मला दिसंना. बघा की गेलं का.”

लाजर तात्यांनी बैलगाडी जुंपली. आम्ही तिला आधी जामखेडला आणि तिथून मोटारीनं नगरला दवाखान्यात नेलं. गाडी मास्तरांच्या दारावरून गेली. ते बाहेर आले, गाडीच्या चाकाला हात लावून त्यांनी सगुणाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा क्षमा मागेल. त्यांचे डोळे भरून आले होते, हे खरं आहे. पण ते डोळे आनंदानं भरले होते. “धन्य ती!” ते म्हणाले. “बघा, बाई. बघा विश्वास.” लाजर तात्या कधी कुणाला वर मान करून बोलले नव्हते. त्यांनी मास्तरांचा हात चाकावरून चाबकाच्या दांड्यानं बाजूला सारला आणि म्हणाले, “सरा मास्तर. चाकाखाली याल.”

सगुणाई वाचली. एक डोळा अधू झाला, कपाळावर काळीगुलाबी चकचकीत कातडी आली, भुवया गेल्या. मी मिशनला कळवलं, समक्ष जाऊनही बोलले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली आणि मास्तरांची बदली बेलापूरच्या बाजूला केली. म्हणजे आमची घाण काढून दुसऱ्याच्या अंगणात टाकली. गावातला वर्ग बंद पडला. नवे उपदेशक तरुण होते, त्यांनी पहिल्याच प्रभुभोजनाला पहिला तुकडा सगुणाईला दिला. तिनं घेतला, पण इकडेतिकडे बघत घेतला, कुणी हिसकावून घेईल असा. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं खोपट बंद दिसलं. मास्तरांचा निरोप आला होता म्हणे, आणि ती त्यांच्याकडे गेली होती.

ती मला दिसली लढाई संपल्यावर, बेलापूरला, नदीकाठी भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्यात. मांडव घातला होता, कितीतरी गावांची माणसं आली होती. संध्याकाळच्या सभेत हनोख मास्तर बोलायला उभे राहिले. कोट तोच, अंग आणखी सुटलेलं. जगाचा शेवट झालेला नव्हता याची त्यांना खंत दिसली नाही. नवा हिशोब मांडून त्यांनी तो पुढे ढकलला होता. बोलता बोलता त्यांनी हाक मारली, “सगुणाबाई, इकडे या.”

बायकांतून ती उठली आणि व्यासपीठावर चढली. स्वच्छ लुगडं नेसली होती. मास्तरांनी दोन बोटांनी तिचा पदर मागे सारला, तिची हनुवटी धरून तोंड डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, बैलबाजारात दात दाखवतात तसं. “ही बघा! श्वापदाची खूण हिनं स्वतःच्या हातानं जाळली. माझ्या वर्गातली ही बाई!” मांडवभर हुंकार उठला, कुणी बाया रडू लागल्या. मी तोंडाला पदर लावला. आणि सगुणाई हसत होती. इतकी माणसं तिच्याकडे आदरानं बघत होती, जन्मात पहिल्यांदा. हे माझ्यानं बघवत नव्हतं आणि तिच्याकडून ते काढून घ्यायचीही मला हिंमत होत नव्हती.

सभा सुटल्यावर तिनं मला गर्दीतून शोधून काढलं. माझे दोन्ही हात धरले. “बाई, आता माझं नक्की झालं. मास्तर म्हनले, दान्यापशी जानार तू.” मी म्हटलं, जाशीलच, आधीही जाणारच होतीस. ते तिनं ऐकलं नाही. इकडेतिकडे बघून ती माझ्या कानाशी आली.

“येक इचारू का? कुनाला सांगू नगा. दान्या ल्हान हुता तवा माझ्या कपाळाच्या गोंदानाच्या टिकलीवर बोट ठिवल्याबिगर निजायचा न्हाई. अंधारात बी हात फिरवून टिकली हुडकायचा. आता ती न्हाई. मंग त्यो मला वळखंल न्हवं? मास्तरांला इचारलं तर म्हनले, आसलं मनात येनं म्हंजे बी सैतानाचंच काम.”

मी म्हटलं, “ओळखेल गं. तुझ्या आवाजावरून ओळखेल.” तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्या एका चांगल्या डोळ्यानं, मी खरं बोलते आहे की नाही हे बघायला.

तेवढ्यात तिकडून हाक आली. हनोख मास्तर बैलगाडीत बसलेले होते, मांडीवर फडकं पसरून कुणीतरी दिलेली कोंबडीची तंगडी खात होते. “सगुणाबाई, आटपा. राहुरीच्या सभेला उशीर होतोय.” ती पदर कपाळावर ओढून धावत गेली. गाडीत तिला जागा नव्हती, त्यांचं सामान होतं. तिनं मागच्या बाजूला दांडी धरली आणि गाडीबरोबर चालू लागली.